फक्त इंधन बदललं, तर पर्यावरणाचा अभ्यास नव्याने करायचा की नाही?

जुळेसोलापूरची_जाई
नमस्कार मंडळी. एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या सेमिनारला विषय घेतलाय: चालू अणुवीज केंद्रात नुसतं इंधन बदललं, तर पर्यावरणाचा आढावा पुन्हा घ्यायचा का, आणि घेतला तर त्यात बघायचं काय.

थोडक्यात पार्श्वभूमी. अमेरिकेत अणुवीज केंद्राच्या परवान्यात इंधनाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: युरेनियम किती टक्के समृद्ध (म्हणजे त्यात फुटून ऊर्जा देणारा भाग किती), भट्टीत किती जाळायचं वगैरे. कंपनीला जास्त समृद्ध इंधन हवं असेल, किंवा १८ महिन्यांनी इंधन भरायच्या ऐवजी २४ महिन्यांनी भरायचं असेल, तर परवान्यात दुरुस्ती मागावी लागते. तिथली नियामक संस्था एनआरसी सुरक्षेची तपासणी वेगळी करते आणि पर्यावरणाची वेगळी. पर्यावरणाच्या तपासणीला तीन पायऱ्या आहेत. किरकोळ बदलाला थेट सूट, त्यावरच्या बदलाला छोटा मूल्यांकन अहवाल, आणि त्यात काही गंभीर दिसलं तर मोठा सविस्तर अभ्यास. इंधनबदलाची प्रकरणं बहुतेक मधल्या पायरीवर येतात आणि तिथेच मिटतात. शेवटी ठरलेलं वाक्य असतं: लक्षणीय परिणाम नाही.

युक्तिवादही जवळपास सारखाच. भट्टीची औष्णिक क्षमता तीच, म्हणून थंड करायला पाणी तेवढंच आणि बाहेर पडणारी उष्णता तेवढीच. नवं बांधकाम नाही, नवी जमीन नाही, उत्सर्जन मर्यादेच्या आत.

हे सगळं पटतं. तरी वाचताना वाटत राहतं की मोजलंय ते जे बदलत नाही तेच, आणि जे बदलतं ते एका परिच्छेदात उरकलंय. तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडे असं काही होतं का? सर म्हणाले, सोलापुरात बसून अणुभट्टीचं काय सांगणार. म्हणून इथं विचारतेय.

चिमणी_पाडू
सोलापूरकर साखर कारखान्याच्या चिमणीवर दहा वर्षं बोलू शकतो, शेवटी २०२३ च्या जूनमध्ये ती पाडूनही दाखवतो. अणुभट्टीचं काय घेऊन बसलात. शेंगा घेऊन बसलोय, चालू द्या.

बे_दुणे_चार
काय बे, नळाला पाणी पाच दिवसाला यायलंय आन् हितं युरेनियम. पण विषय भारी हाय. लिवा लिवा.

तारापूर_रिटायर्ड
जाई, तुझी शंका बरोबर जागी आहे. मी नोकरीची बरीच वर्षं तारापूरला काढली, आता पूर्व भागात आपल्या घरी असतो. थोडं तपशिलात लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

उष्णतेचा युक्तिवाद खरा आहे. हजार मेगावॅट वीज करणारी भट्टी साधारण तीन हजार मेगावॅट उष्णता तयार करते आणि त्यातली दोन हजार समुद्रात किंवा हवेत सोडते. इंधन कुठलंही घाला, क्षमता वाढवली नाही तर हा आकडा हलत नाही. मासे, पाण्याचं तापमान, पंपिंग हे सगळं जुन्या अभ्यासात बसतं. ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही.

बदलतं ते जुडीच्या, म्हणजे इंधनाच्या सळ्यांच्या गठ्ठ्याच्या आत. एक टन युरेनियममधून किती ऊर्जा काढली याला आम्ही बर्नअप म्हणतो. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम असतं, त्यात यू-२३५, म्हणजे तो फुटणारा भाग, फक्त ०.७ टक्के. टनामागे सात हजार मेगावॅट-दिवसांच्या आसपास निघाले की ती जुडी बाहेर. समृद्ध युरेनियमच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांत हाच आकडा आज ४५-५० हजारांवर असतो. चुलीतलं लाकूड अर्धं जळाल्यावर काढायचं की निखारा होईस्तोवर ठेवायचं, एवढाच फरक समज. बर्नअप वाढलं की तेवढ्याच विजेसाठी जुड्या कमी लागतात, हे मान्य. पण बाहेर येणारी प्रत्येक जुडी जास्त तापलेली आणि जास्त किरणोत्सारी असते. जळताना तयार होणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांपैकी सीझियम-१३७ साधारण बर्नअपच्या प्रमाणात वाढतं. क्युरियम-२४४ त्याहून कितीतरी वेगाने चढतं. म्हणजे जुडी थंड करायच्या पाण्याच्या तळ्यात जास्त वर्षं ठेवावी लागते, कोरड्या पिंपात उशिरा जाते, आणि वाहतुकीच्या पिंपाचं गणित बदलतं.

दुसरं एक, जे सहसा सुटतं. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत इंधन जास्त महिने चालवायचं तर सुरुवातीला जास्त ताकद भरावी लागते, आणि ती आवरायला पाण्यात बोरॉन जास्त घालावं लागतं. बोरॉनवर न्यूट्रॉन आदळून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतं. ते पाण्याचाच भाग होऊन बसतं, गाळून निघत नाही. न्यूट्रॉन शोषणारं गॅडोलिनियम मिसळलेल्या इंधनाच्या गोळ्या वापरून बोरॉन कमी ठेवता येतं, पण हिशोब नव्याने करावाच लागतो. हा भाग भिंतीबाहेर जाणारा आहे, त्यामुळे तुझ्या विषयात तो हवाच.

शंकेखोर
काकांनीच उत्तर दिलंय की. जुड्या कमी म्हणजे कचरा कमी. मग परत अभ्यास कशाला? आपल्याकडे अभ्यास म्हणजे सल्लागार कंपन्यांची रोजगार हमी. सहाशे पानं, त्यातली चारशे पक्ष्यांची यादी.

शेंगाचटणी
+१. आमच्या नात्यातल्या एकाने असल्या यादीत गावात कधीच न दिसलेला माळढोक बघितलाय. आणि जिथं खरोखर दिसायचा त्या नान्नजला आता दिसतो का, ते विचारू नका.

चिमणी_पाडू
माळढोकाचा विषय काढून धागा रडवू नका राव.

राजापूरची_लेक
@शंकेखोर, माहेर माझं राजापूर तालुक्यातलं, सासर सोलापूर. त्यामुळे अणुऊर्जा आणि कडक भाकरी दोन्हींबाबत मत राखून आहे.

जैतापूरला २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी मिळाली, ३५ अटींसह. १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९००. तेव्हा घरोघरी जी चर्चा चाले ती समुद्राच्या तापमानाची, मासळीची, आंब्याची आणि जमिनीची. इंधन कुठलं, ते किती वर्षं तिथेच राहणार, हे विचारणारे कमी होते आणि विचारलं तरी उत्तर "ते तांत्रिक आहे" असं. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही ते सोडा. माझा मुद्दा वेगळा आहे. मंजुरी एका विशिष्ट इंधनाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून दिली जाते. भट्टी चालते साठ वर्षं. तेवढ्यात इंधन चारदा बदलेल. लोकांना विचारलं ते पहिल्या इंधनाबद्दल. पुढच्या चारींबद्दल कोणाला विचारणार?

आणि पानांबद्दल बोलायचं तर सहाशे पानं इंग्रजीत असतात. नियमाने मराठीत मिळतो तो फक्त सारांश.

शंकेखोर
@राजापूरची_लेक, साठ वर्षांत चारदा जनसुनावणी घ्यायची? मंडप, खुर्च्या, घोषणा, पोलीस बंदोबस्त?

राजापूरची_लेक
जनसुनावणी म्हटलंच नाही मी. कळवा म्हटलं.

मळीवाला
कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. अणूतलं कळत नाही, पण "फक्त कच्चा माल बदलला" हे प्रकरण आमच्या रोजच्या जेवणातलं आहे.

पूर्वी आम्ही सी-हेवी मळीपासून, म्हणजे जवळपास सगळी साखर काढून उरलेल्या मळीपासून, अल्कोहोल करायचो. मग इथेनॉलचं धोरण आलं आणि बी-हेवी मळी, रस, सिरप सुरू झालं. यंत्रं तीच, आंबवण्याच्या टाक्या त्याच, पण उत्पादन वाढलं. प्रश्न आला की याला नवी पर्यावरण मंजुरी लागते का? केंद्राने सांगितलं की बी-हेवीपासून जादा इथेनॉल केलं तर वेगळी मंजुरी नको, कारण एकूण प्रदूषणभार वाढत नाही. आणि ते शास्त्राला धरून आहे. बी-हेवीत साखर जास्त आणि घाण कमी, त्यामुळे लिटरमागे स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) कमी निघतो आणि त्याचा सीओडी, म्हणजे प्रदूषणाचं मापही कमी.

पण गंमत पुढे आहे. "भार वाढत नाही" हे कशाशी तुलना करून म्हणायचं? आधीच्या मंजुरीत गृहीत धरलेल्या आकड्याशी, की गेल्या हंगामात प्रत्यक्ष निघालेल्या आकड्याशी? मंजुरीत भरपूर ऐसपैस आकडा लिहून ठेवला असेल, तर काहीही बदला, तुम्ही आतच बसता. आमच्या धंद्यातली अर्धी भांडणं या एका ओळीवर असतात. जाईताई, तुमच्या अमेरिकन अहवालात तुलना कशाशी करतात ते बघा.

बे_दुणे_चार
मळीवाले, तुमी लई हुशार. हंगामात वास तेवडा कमी करा.

मळीवाला
वासाचा सीओडी निघत नाही, त्यामुळे तो नियमात बसतो.

जुळेसोलापूरची_जाई
@मळीवाला, अगदी हेच शोधत होते! तुमचं वाचून परत जाऊन बघितलं. वाहतुकीच्या परिणामासाठी तिकडे नियमावलीतच एक तयार तक्ता आहे. त्यातले परिणाम जी इंधनं धरून काढले ती अशी: समृद्धीकरण ४ टक्क्यांपर्यंत, सरासरी बर्नअप टनामागे ३३ हजार मेगावॅट-दिवसांपर्यंत, आणि वापरलेली जुडी भट्टीतून काढल्यावर निदान ९० दिवसांनी हलवायची. या मर्यादेत बसणाऱ्या केंद्राने तक्ता जोडला की काम झालं. बसत नसेल तर वेगळं विश्लेषण द्यायचं.

पुढे इंधन सुधारत गेलं तसं नियामकाने सरसकट अभ्यास करून ठरवलं की ५ टक्के आणि ६२ हजारांपर्यंत गेलं तरी त्या तक्त्यातले आकडे पुरेसे आहेत. आता कंपन्यांना ५ च्याही वर जायचंय. जॉर्जियातल्या वोगल केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त समृद्ध अशा थोड्या चाचणी जुड्या घालायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

म्हणजे दरवेळी प्रश्न हाच असतो की नवं इंधन जुन्या गृहीतकाच्या चौकटीत बसतं का. नाही बसलं तर चौकट तपासून मोठी करतात.

तारापूर_रिटायर्ड
चौकट मोठी करणं म्हणजे फसवणूक नव्हे, एवढं लक्षात ठेव. जुना तक्ता मुद्दाम कडक गृहीतकांवर केलेला होता. ९० दिवसांत कोणी जुडी हलवत नाही, प्रत्यक्षात निदान पाच वर्षं जातात आणि तेवढ्यात उष्णता आणि किरणोत्सार खूप उतरलेला असतो. त्यामुळे बर्नअप दुप्पट होऊनही आकडे आत बसतात. हा निष्कर्ष कागदी नाही. फक्त तो का बसतो हे अहवालात सरळ लिहायला हवं, आणि तिथे ते बऱ्यापैकी लिहितात.

राजापूरची_लेक
म्हणजे मळीवाल्यांच्या "ऐसपैस आकड्या"चंच सभ्य रूप. :-)

तारापूर_रिटायर्ड
फरक आहे. ऐसपैस आकडा कसा काढला ते छापलेलं असेल तर कोणीही तपासू शकतं.

होटगी_रोड
अणूचं राहू द्या, दारातलं सांगतो. आमच्या बाजूला फताटेवाडी-आहेरवाडीला औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. पूर्ण भारावर चाललं तर दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. आता इंधनबदल बघा. देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के, आयात कोळशात बरीच कमी. म्हणजे कोळसा कुठून आला यावर राखेचा तलाव किती वर्षांत भरणार ते ठरतं. पूर्वी मंजुरीत कोळशाचा स्रोत लिहिलेला असायचा आणि तो बदलला तर दुरुस्ती मागावी लागायची. २०२० साली मंत्रालयाने ही भानगड सोपी केली. काही अटी पाळल्या की स्रोत बदलायला दरवेळी मंजुरीत दुरुस्ती नको.

मग तुरीच्या काड्यांच्या, बगॅसच्या गोळ्या कोळशात मिसळायचं धोरण आलं, पाच टक्के. तेही इंधनच. त्यामुळे जाईच्या सरांना सांगा, इंधनबदल सोलापूरकराला कळतो.

शेंगाचटणी
तुरीच्या काड्या जाळायला कोळशात घालतात? आमची आजी त्या काड्यांवर हुरडा भाजायची.

बे_दुणे_चार
हुरडा निखाऱ्यावर भाजत्यात, गवऱ्याच्या. आज्जीला इचारा.

शेंगाचटणी
आजीच्या हुरड्याला नावं ठेवायची नाहीत बे.

चिमणी_पाडू
आगटी गवऱ्यांचीच. दही, शेंगाची चटणी, गूळ. विषय संपला.

संपादक
हुरड्याचा धागा स्वतंत्र आहे. इथे इंधन म्हणजे अणुइंधन.

नियमावली
वकिली करतो, पर्यावरणाची प्रकरणं थोडीफार बघितली आहेत. जाईने विचारलं होतं की आपल्याकडे काय, त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

पर्यावरण मंजुरीची सक्ती आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने आली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, म्हणजे तेव्हा हा प्रकारच नव्हता. आज चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. तिच्या परिशिष्टात १(ई) मध्ये अणुवीज प्रकल्प आणि अणुइंधन प्रक्रिया दोन्ही आहेत, आणि आकार कितीही असो, मंजुरी केंद्राकडूनच. विस्तार, आधुनिकीकरण किंवा उत्पादनातला बदल असेल तर पुन्हा मंजुरी लागते. क्षमता न वाढवता नुसतं इंधन बदलणं यात बसतं का? माझ्या वाचनाप्रमाणे सरळ बसत नाही. ओढूनताणून "आधुनिकीकरणा"त घालता येईल, पण तो न्यायालयातला वाद झाला.

मग इंधनबदल तपासतं कोण? अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, स्थापना १९८३. केंद्राचा परवाना पाच वर्षांपर्यंतचा असतो आणि दहा वर्षांनी सगळ्या सुरक्षेचा मोठा आढावा होतो. इंधनाचा नमुना बदलायचा तर त्यांची समिती कसून बघते, यात मला शंका नाही. पण ती सुरक्षेची तपासणी. "या बदलाचा पर्यावरणावर परिणाम" असा, हरकती मागवणारा वेगळा कागद त्यातून निघत नाही.

ताजं उदाहरण तमिळनाडूतलं कुडनकुलम केंद्र. तिथे रशियाने जुन्या जुड्यांच्या जागी टीव्हीएस-२एम नावाच्या सुधारित जुड्या २०२२ पासून द्यायला सुरुवात केली. इंधन भरायचं अंतर त्यामुळे १२ महिन्यांवरून १८ वर जातं. वर्तमानपत्रात ही बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर आली, पर्यावरणाच्या नाही.

शंकेखोर
आणि कुडनकुलमला त्या जुड्यांनी काही झालं? नाही झालं ना?

नियमावली
नाही झालं. सुधारित जुड्या जास्त चांगल्या आहेत असंही तज्ज्ञ म्हणतात. पण चांगला बदलही कागदावर यावा, एवढंच मागणं आहे. अमेरिकेत हे आपोआप आलं नाही. १९७१ साली कॅल्व्हर्ट क्लिफ्स खटल्यात न्यायालयाने तिथल्या अणुऊर्जा आयोगाला फटकारलं की पर्यावरणाचा विचार फाइलला नुसता जोडून चालणार नाही, निर्णय घेताना तो स्वतः करावा लागेल. तोपर्यंत त्यांचाही सूर "आम्ही सुरक्षा बघतो, बाकीचं दुसरे बघतील" असाच होता. आता परवान्यातल्या दुरुस्तीची सूचना निघाली की ३० दिवस मतं पाठवता येतात आणि ६० दिवसांत रीतसर सुनावणी मागता येते. मागणारे फार नसतात, तो भाग वेगळा.

तारापूर_रिटायर्ड
@नियमावली, तारापूरचं थोडं जोडतो. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, इंधन अमेरिकेतून समृद्ध युरेनियमचं. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडले. मग फ्रान्स, पुढे चीन, पुढे रशिया. तुम्ही याला इंधनबदल म्हणाल, आम्ही नाही म्हणत. पुरवठादार बदलले, समृद्धीकरण त्याच घरातलं राहिलं. खरा बदल म्हणजे प्लुटोनियम मिसळलेल्या मॉक्स जुड्या, त्या तिथे मोजक्याच घालून पाहिल्या. प्लुटोनियम आलं की अपघाताचं गणित आणि वापरलेल्या जुडीची उष्णता दोन्ही बदलतात. तपासणी झाली, जबरदस्त झाली. कागद बाहेर आला नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

एक मात्र आवर्जून सांगतो. प्रत्येक केंद्राच्या परिसरात बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, आणि ती केंद्र सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून काम करते. दूध, मासे, भाजी, विहिरीचं पाणी, सगळं मोजतात. लोकांसाठी किरणोत्साराची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच जगात सरासरी २.४ मिळतात. इंधन बदलल्याने बाहेर काही वाढलं तर तिथे दिसायला हवं. जाई, हे आकडे वापर. इंधन बदलायच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं. अंदाजाचा अहवाल कितीही चांगला असो, मोजलेला आकडा वेगळाच बोलतो.

होटगी_रोड
काका, एक इचारायचं होतं. हैदराबादला अणुइंधनाचा कारखाना आहे ना? मग तारापूरला इंधन आपल्या हैदराबाद महामार्गावरून जातं का? शेजारच्या ट्रकात युरेनियम असलं तर ओव्हरटेक करायचा का नाही?

तारापूर_रिटायर्ड
रस्ता कोणी सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पण घाबरू नका. न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समधून निघतं ते ताजं इंधन. नैसर्गिक युरेनियमची ताजी जुडी हातमोजे घालून हातात धरता येते. भीती वापरलेल्या जुडीची, आणि ती त्या रस्त्याला येत नाही, ती जाते पुनर्प्रक्रियेला. आपल्या महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या जास्त धोकादायक.

बे_दुणे_चार
रात्रीला बिगर लायटीची ट्रॉली. हेला कोण परवाना देतंय म्हणायलो मी.

मळीवाला
ट्रॉलीवाल्यांना बोलू नका, गाळप थांबेल.

चिमणी_पाडू
अवांतर: ते थोरियमचं इंधन येणार होतं ना? डॉ. अनिल काकोडकरांच्या नावावरून नाव ठेवलंय म्हणतात.

तारापूर_रिटायर्ड
अवांतर अजिबात नाही, या धाग्याचा गाभाच आहे तो. अनील हे इंधन क्लीन कोअर नावाची अमेरिकन कंपनी करते आहे. थोरियमबरोबर ५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यातलं समृद्ध युरेनियम, आणि ते आपल्या जड पाण्याच्या भट्टीत तशाच आकाराच्या जुडीत घालायचं. एनटीपीसीनेही त्या कंपनीशी करार केलाय, आणि फताटेवाडीचं औष्णिक केंद्र एनटीपीसीचंच, म्हणून होटगीवाल्यांनी कान टवकारावेत. बर्नअप सात हजारांच्या जागी पन्नास-साठ हजार मिळेल आणि वापरलेल्या इंधनाचं आकारमान ८५ टक्क्यांहून जास्त घटेल, असा कंपनीचा दावा आहे. गणित म्हणून तो बसतो.

आता बघ. भट्टी तीच, क्षमता तीच, पाणी तेच. म्हणजे "लक्षणीय परिणाम नाही" हे वाक्य डोळे झाकून लिहिता येईल. पण नैसर्गिक युरेनियमच्या जुड्या साध्या पाण्यात कशाही रचल्या तरी शृंखला प्रक्रिया सुरूच होऊ शकत नाही. आपली जुड्या ठेवायची तळी या भरवशावर बांधलेली आहेत. समृद्ध इंधन आलं की तो भरवसा संपतो. जुड्यांमधलं अंतर, मांडणी, मोजणी, सगळं नव्याने ठरवायचं. शिवाय आता रोज चालू भट्टीत जुड्या बदलाव्या लागतात त्या कमी लागतील, म्हणजे कामगारांना होणारा किरणोत्सार बदलेल, बहुधा कमीच होईल. चांगलं-वाईट दोन्ही आहे. पण बदल मोठा आहे. इथे जुनी चौकट नुसती ताणून चालणार नाही, नवी करावी लागेल. अशा बदलाला मी स्वतः वेगळा पर्यावरणीय अहवाल मागेन. आणि टीव्हीएस-२एमसारख्याला नाही मागणार, दोन पानांची जाहीर नोंद पुरे.

शंकेखोर
हे पटलं. सरसकट सगळ्याला अभ्यास नको, जिथे गृहीतक मोडतं तिथेच हवा. पण ते मोडलं की नाही हे ठरवणार कोण? ज्याची भट्टी तोच?

नियमावली
सध्या तरी भट्टीवाला सांगतो आणि एईआरबी तपासतं. तिसऱ्याला दिसत नाही.

राजापूरची_लेक
कुडनकुलममध्ये वापरलेलं इंधन भट्टीपासून दूर साठवायच्या सोयीसाठी २०१९ साली जनसुनावणी जाहीर झाली होती, विरोध झाला आणि ती पुढे ढकलली. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही ही साठवण आहे. म्हणजे साठवणुकीला लोकांना विचारायचं हे मान्य आहे, पण त्या साठवणुकीत काय येऊन पडणार हे ज्याच्यावर ठरतं, त्या इंधनाबद्दल नाही. ही फट मला खटकते.

तारापूर_रिटायर्ड
चांगला धागा पकडलास, ताई. साठवणुकीचा अहवाल करताना अमुक बर्नअपच्या, अमुक वर्षं थंड झालेल्या जुड्या धरलेल्या असतात. पुढे इंधन बदललं तर त्या अहवालाची मुदत तिथेच संपते, कोणी म्हणो वा न म्हणो. भट्टी बंद केल्या क्षणी इंधनात पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता उरते, दिवसभरात ती अर्ध्या टक्क्यावर येते. ही सुरुवातीची घसरण बर्नअपवर फारशी अवलंबून नाही. पाच-दहा वर्षांनंतरची शेपटी मात्र आहे, आणि साठवण जगते ती त्या शेपटीवर.

जुळेसोलापूरची_जाई
सगळ्यांचे आभार. सेमिनार आता असा मांडतेय. एक तक्ता करणार, आडव्या ओळीत परिणाम: पाणी, उष्णता, ट्रिटियम, तळ्यातली उष्णता, वाहतूक, कामगारांचा किरणोत्सार. उभ्या रकान्यांत आधीच्या मंजुरीत काय धरलं होतं, प्रत्यक्ष मोजलं काय, आणि नव्या इंधनाने काय होईल. मळीवाल्या काकांचे दोन वेगळे आकडे, मंजुरीतला आणि मोजलेला, शेजारी-शेजारी ठेवणार. उदाहरणं तीन: अमेरिकेतली ५ टक्क्यांवरची जुडी, कुडनकुलमचं १८ महिन्यांचं चक्र, आणि अनील.

शंकेखोर
अजून एक रकाना घाल: काहीच बदललं नाही तर काय. नाहीतर नवं इंधन कायम आरोपीच दिसेल. जुन्या जुड्याच वापरत राहिलात तर जुड्या जास्त निघणार, तळं लवकर भरणार.

जुळेसोलापूरची_जाई
तो रकाना अमेरिकेच्या अहवालांत असतोच, "प्रस्ताव नाकारला तर". बहुतेक वेळा खाली दोनच ओळी असतात: नाकारल्यास सध्याच्या परिणामांत बदल होणार नाही, आणि दोन्ही पर्यायांचे परिणाम सारखेच. तुमचा मुद्दा घेऊन मी त्यात जुड्यांची संख्या घालते. काका, वर्षाला किती धरू?

तारापूर_रिटायर्ड
हजार मेगावॅटच्या साध्या पाण्याच्या भट्टीला वर्षाला २० ते २५ टन इंधन, ७०० च्या जड पाण्याच्या भट्टीला शंभर-सव्वाशे टन. जुड्यांत नको मोजू, टनांत मोज. दोन्हींच्या जुडीचा आकार वेगळा आहे, तुलना फसेल.

राजापूरची_लेक
आणि तक्ता मराठीत कर. सारांश नाही, पूर्ण.

बे_दुणे_चार
झाल्यावर हितंच टाक. आमी हरकती नोंदवतो, ३० दिवस हायतच की.